नियम आणि श्रवण : न्यायाधीशांच्या आंतरराष्ट्रीय शिक्षणाची एक समीक्षा

१

न्यूरेंबर्ग आणि टोकियो येथील न्यायाधिकरणांनी न्यायशास्त्रात एक नवा विद्यार्थी निर्माण केला. हा विद्यार्थी म्हणजे स्वतः न्यायाधीश होय. स्वदेशीच्या कायद्यात ज्याची हयात गेली, त्या न्यायाधीशाला परक्या भूमीवर व परक्या भाषेत घडलेल्या अपराधांचा निवाडा करावयाचा असेल, आणि तोही सगळ्या मानवजातीच्या नावाने, तर त्याची पूर्वतयारी कोणती असावी, हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे. १९९३ मध्ये भूतपूर्व युगोस्लाव्हियासाठी व १९९४ मध्ये रवांडासाठी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने न्यायाधिकरणे स्थापन केली. १९९८ मध्ये रोम येथे स्थायी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाची संविधी संमत झाली व २००२ मध्ये ती अमलात आली. या घटनांबरोबर न्यायाधीश, अभियोक्ते व वकील यांच्यासाठी शिक्षणक्रम, वर्ग आणि पाठ्यग्रंथ यांचीही वाढ झाली.

या वाङ्मयात सर्वांत विस्तृत असा ग्रंथ संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्त कार्यालयाने आंतरराष्ट्रीय वकील संघटनेच्या सहकार्याने २००३ मध्ये प्रसिद्ध केला. न्यायदानातील मानवी हक्क हा त्याचा विषय, आणि न्यायाधीश, अभियोक्ते व वकील हा त्याचा उद्दिष्ट वाचकवर्ग. त्याची सोळा प्रकरणे आहेत. मानवी हक्कांचे जागतिक व प्रादेशिक करार, न्यायसंस्थेचे स्वातंत्र्य, अटक व स्थानबद्धता, न्याय्य चौकशीचा हक्क, बंदिवानांचे संरक्षण, बालकांचे व स्त्रियांचे हक्क, समता, आर्थिक व सामाजिक हक्क, अपराधपीडितांना दाद, आणि शेवटी आणीबाणीच्या काळातील न्यायदान असा त्याचा विस्तार आहे. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी अध्ययनाची उद्दिष्टे व विचारप्रवर्तक प्रश्न दिलेले आहेत. करारांतील कलमे आणि त्यांवरील निर्णय यांचा इतका सुसंगत संग्रह एका ठिकाणी अन्यत्र क्वचितच सापडेल. ज्या देशांतील न्यायाधीशांना मूळ साधने दुर्मिळ आहेत, त्यांच्यावर या ग्रंथाचे मोठे उपकार आहेत यात शंका नाही.

तथापि या ग्रंथाची रचना ज्या कल्पनेवर उभी आहे ती कल्पना तपासून पाहणे अगत्याचे आहे. ती कल्पना अशी की, न्यायाधीशाच्या ठिकाणी जे न्यून आहे ते मुख्यतः नियमांच्या अज्ञानाचे आहे. करार माहीत नाहीत, म्हणून ते लागू होत नाहीत. ते माहीत करून दिले की लागू होतील. १९८८ च्या फेब्रुवारीत बंगळूर येथे न्या. पी. एन. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या न्यायाधीशांच्या परिषदेनेही याच दिशेने विचार केला होता. देशी कायदा संदिग्ध वा अपुरा असेल तेथे न्यायाधीशाने आंतरराष्ट्रीय दंडकांकडे पाहावे, असे तिचे सांगणे होते. या विचाराला फळ आले नाही असे नाही. १९९७ च्या 'विशाखा विरुद्ध राजस्थान राज्य' या निर्णयात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांविषयीच्या भेदभावाच्या निर्मूलनासंबंधीच्या कराराचा आधार घेऊन कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. म्हणजे नियमांचे ज्ञान निष्फळ नाही.

परंतु विशाखा प्रकरणात प्रश्न नियमाचाच होता. कोणा साक्षीदाराच्या शब्दांचे मोल ठरवावयाचे नव्हते. फौजदारी न्यायालयात मात्र नियमाच्या अगोदर वस्तुस्थिती यावी लागते, आणि वस्तुस्थिती बहुधा कोणाच्या तरी तोंडून येते. ती ऐकता आली नाही तर सोळाही प्रकरणे मुखोद्गत असून उपयोग नाही. उपर्युक्त ग्रंथात दुभाषाचा हक्क आरोपीचा हक्क म्हणून येतो, पीडितांचाही स्वतंत्र विचार येतो. परंतु साक्ष ऐकणे, तिचे भाषांतर पारखणे व तिचे मोल ठरवणे या विषयाला सोळांपैकी एकही प्रकरण दिलेले नाही. ही उणीव केवळ विस्ताराची नाही, दृष्टीची आहे. ती किती महाग पडू शकते हे पाहण्यासाठी एका निर्णयपत्राकडे वळले पाहिजे.

२

ज्याँ-पॉल आकायेसू हा रवांडातील ताबा या विभागाचा बर्गमास्टर, म्हणजे स्थानिक प्रशासनाचा प्रमुख होता. १९९४ च्या एप्रिलपासून सुमारे शंभर दिवसांत त्या देशात तुत्सी समाजाचा जो संहार झाला, त्यात आपल्या विभागातील कृत्यांस तो जबाबदार असल्याचा आरोप त्याच्यावर होता. खटला टांझानियातील आरुशा येथे चालला. सेनेगालचे लायती कामा हे अध्यक्ष, आणि स्वीडनचे लेनार्ट आस्पेग्रेन व दक्षिण आफ्रिकेच्या नवनीतम पिल्ले हे दोन सदस्य, असे न्यायासन होते. २ सप्टेंबर १९९८ रोजी निर्णय लागला. १९४८ च्या वंशसंहारविरोधी कराराप्रमाणे एखाद्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने वंशसंहाराबद्दल दोषी ठरवण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. बलात्कार हेही वंशसंहाराचे साधन होऊ शकते, असे प्रथम म्हटले गेले तेही याच निर्णयात. २००१ मध्ये अपील फेटाळले गेले व जन्मठेप कायम झाली.

पाठ्यग्रंथांतून आकायेसू निर्णय येतो तो या दोन सिद्धांतांसाठी. वस्तुतः शिक्षणाच्या दृष्टीने त्याचे खरे मोल त्याच्या इतिहासात आहे. मूळ आरोपपत्रात लैंगिक अत्याचाराचा आरोपच नव्हता. जानेवारी १९९७ मध्ये खटला सुरू झाल्यानंतर 'जे' या अक्षराने निर्देशिलेल्या एका साक्षीदार स्त्रीने आपल्या सहा वर्षांच्या मुलीवर तिघांनी बलात्कार केल्याचे सांगितले. मग न्यायासनाने स्वतः तिला अधिक प्रश्न विचारले. तेव्हा विभाग-कचेरीत तरुण मुलींवर बलात्कार झाल्याचे आपण ऐकले होते, असेही ती म्हणाली. पुढे 'एच' या अक्षराने ओळखल्या गेलेल्या दुसऱ्या स्त्रीने ज्वारीच्या शेतात स्वतःवर झालेला अत्याचार सांगितला, आणि त्या कचेरीच्या आवाराबाहेर इतर स्त्रियांवर होताना पाहिलेला अत्याचारही सांगितला. जून १९९७ मध्ये आरोपपत्रात दुरुस्ती झाली. पूर्वी पुरावा का मिळाला नव्हता याची कारणे देताना, अशा अपराधाभोवती असणारी लज्जा आणि तपासातील असंवेदनशीलता ही कारणे संभवतात, असे अभियोग पक्षाने मान्य केल्याची नोंद निर्णयपत्रातच आहे.

या घटनाक्रमाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. बलात्कार हा मानवतेविरुद्धचा अपराध आहे हा नियम त्या न्यायाधिकरणाच्या संविधीत १९९४ पासून लिहिलेला होता. अभियोक्त्यांना तो ठाऊक होता, तपास करणाऱ्यांनाही ठाऊक असलाच पाहिजे. नियमाचे अज्ञान कोठेच नव्हते. उणीव होती ती प्रश्नाची. साक्षीदाराने अनपेक्षितपणे काही सांगितले तेव्हा विषयांतर म्हणून तिला न थांबवता पुढचा प्रश्न विचारण्याइतके अवधान न्यायासनापाशी होते, म्हणून नियम कागदावरून खाली उतरला. बचाव पक्षाने ही दुरुस्ती लोकमताच्या दडपणाखाली झाल्याचे सुचवले होते; न्यायासनाने मात्र ती या दोन स्त्रियांच्या स्वयंस्फूर्त साक्षींतून उद्भवली असा निर्वाळा दिला.

३

निर्णयपत्राचा दुसरा भाग, जो विधिवर्गांत सहसा वगळला जातो, तो भाषेविषयीचा आहे. बहुतेक साक्षी किन्यारवांडा भाषेत झाल्या. त्या प्रथम फ्रेंचमध्ये व फ्रेंचमधून इंग्रजीत उतरल्या. या दुहेरी प्रवासात गैरसमजाचा धोका उघड आहे हे न्यायासनाने स्पष्टपणे मान्य केले, आणि रवांडाच्या राष्ट्रीय विद्यापीठातील भाषाशास्त्राचे प्राध्यापक मथियास रुझिंदाना यांची तज्ज्ञ म्हणून साक्ष घेतली.

या साक्षीची गरज केवळ औपचारिक नव्हती. वंशसंहारास प्रत्यक्ष व जाहीर चिथावणी दिल्याचा आरोप शब्दांच्या अर्थावरच उभा होता. १९ एप्रिल १९९४ रोजी जमावापुढे बोलताना आकायेसूने 'इंकोतान्यी'च्या साथीदारांचा निःपात करण्यास सांगितले, असा आरोप होता. 'इंकोतान्यी' या शब्दाला जुन्या इतिहासातील योद्ध्यांचा संदर्भ होता. पुढे तो बंडखोर सेनेला लावला गेला. 'इन्येन्झी' म्हणजे झुरळे. 'इब्यित्सो' म्हणजे साथीदार. यांपैकी कोणत्याही शब्दाचा कोशातील अर्थ 'तुत्सी' असा नाही. परंतु त्या दिवशी, त्या ठिकाणी, त्या जमावाच्या कानी तो शब्द कोणता अर्थ घेऊन गेला, हे ठरवावयाचे होते. प्रसंग, काळ व वक्ता यांच्यावाचून शब्दाचा अर्थ ठरत नाही, हे भाषाशास्त्रातील प्राथमिक तत्त्व येथे एका माणसाच्या जन्मठेपेचा एक आधार झाले.

बलात्कारासंबंधीच्या शब्दांचीही अशीच छाननी झाली. 'गुसांबान्या', 'कुरुंगोरा', 'कुर्यामाना' आणि 'गुफाता कु न्गुफू' हे चार शब्दप्रयोग साक्षीदारांनी अदलून बदलून वापरले, आणि दुभाषांनी या सर्वांसाठी बलात्कार हा एकच शब्द योजला. न्यायासनाने दुभाषांकडूनच खुलासा मागवला. पहिल्याचा रोख व्यभिचाराकडे; दुसऱ्याचा अर्थ स्त्रीशी समागम, मग तिची संमती असो वा नसो; तिसऱ्याचा शब्दशः अर्थ एका शय्येवर निजणे; आणि चौथ्याचा शब्दशः अर्थ बळाने घेणे. या खुलाशानंतर प्रत्येक साक्षीत कोणता शब्द कोणत्या संदर्भात आला हे पाहून मग भाषांतर ग्राह्य मानले गेले.

मराठी वाचकाला हा भाग परका वाटण्याचे कारण नाही. 'अब्रू घेतली', 'बळजबरी केली', 'वाईट काम केले' हे आपल्या भाषेतील प्रयोग एकाच कृत्याचे असू शकतात किंवा नसूही शकतात. त्यांतील कोणता नोंदला गेला व वरच्या न्यायालयासाठी इंग्रजीत उतरताना त्याचे काय झाले, यावर खटल्याचा निकाल अवलंबून राहू शकतो. दुभाषाला न्यायालयाचे उपकरण न मानता न्यायदानातील एक जबाबदार घटक मानणे, हा आकायेसू निर्णयपत्राचा धडा आहे. आणि तो कोणत्याही करारात लिहिलेला नाही.

४

येथे एक गंभीर आक्षेप उपस्थित होतो. साक्षीदाराच्या संकोचाला, स्मृतिभ्रंशाला व संस्कृतीला न्यायालयाने अशी जागा करून दिली, तर आरोपीचे काय? निर्णयपत्राने असे म्हटले आहे की, नाजूक प्रश्नांना सरळ उत्तर न देणे हे रवांडाच्या रीतीत बसते, आणि मौखिक परंपरेत वाढलेला माणूस पाहिलेले व ऐकलेले एकाच ओघात सांगतो. म्हणून केवळ आडवळणाच्या उत्तरांवरून प्रतिकूल अनुमान काढू नये. ही सावधगिरी प्रशंसनीय आहे. परंतु हीच सावधगिरी सवयीने वापरली गेली तर ती प्रत्येक विसंगतीवरचे पांघरूण होऊ शकते. नॅन्सी कोम्ब्स यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणांतील साक्षींचे परीक्षण करून नेमकी हीच टीका केली आहे. तारीख, अंतर, संख्या यांविषयीच्या अस्पष्ट उत्तरांचे खापर संस्कृतीवर फोडले जाते, आणि वस्तुस्थितीचा पाया दिसतो त्याहून ठिसूळ राहतो, असा तिचा आशय आहे.

हा आक्षेप टाळता येण्याजोगा नाही. पण तो श्रवणाविरुद्ध नसून अर्धवट श्रवणाविरुद्ध आहे. विचारल्यावर साक्षीदार पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे करून सांगू शकतात, असेही आकायेसू न्यायासनाला आढळले होते. 'जे' ने कचेरीतील अत्याचार ऐकीव म्हणूनच सांगितले. 'एच' ने पाहिलेले म्हणून सांगितले. हा भेद प्रश्नामुळेच स्पष्ट झाला. तेव्हा संस्कृतीचे स्पष्टीकरण प्रश्न थांबवण्यासाठी योजिले तर ते आरोपीवर अन्याय करते, आणि अधिक चांगला प्रश्न शोधण्यासाठी योजिले तर ते उभय पक्षांना उपकारक होते. निर्दोषित्वाचे गृहीतक आणि साक्षीदाराची प्रतिष्ठा यांत विरोध आहे असे जे मानले जाते, ते बऱ्याच अंशी वाईट तपासणीचे फळ आहे.

५

आकायेसू निर्णयाने जे मिळवले ते त्या न्यायाधिकरणाच्या अंगवळणी पडले असे मात्र म्हणता येत नाही. ऑक्टोबर २००१ मध्ये बुतारे खटल्यात एका बलात्कारपीडित साक्षीदाराची प्रदीर्घ उलटतपासणी चालू असता न्यायासनावरील न्यायाधीश हसले. ते हसू साक्षीदाराला नव्हे, वकिलाच्या प्रश्न विचारण्याच्या पद्धतीला होते, असा खुलासा करण्यात आला. तो संपूर्ण सत्य मानला तरी मुख्य मुद्दा उरतोच. साक्षीच्या पिंजऱ्यातील स्त्रीला तो खुलासा त्या क्षणी ऐकू येत नव्हता. तिला हसू ऐकू आले. न्यायाधिकरण तेच होते, संविधी तीच होती, आणि मार्गदर्शक निर्णय तीन वर्षांपूर्वीच त्याच ठिकाणी दिला गेला होता. नियमांचे ज्ञान वारसा म्हणून देता येते. श्रवणाची शिस्त तशी देता येत नाही, ती प्रत्येक न्यायासनाला नव्याने कमवावी लागते.

सिद्धांताच्या क्षेत्रातही असेच घडले. आकायेसू न्यायासनाने बलात्काराची व्याख्या करताना शरीराच्या अवयवांची यादी देण्याचे नाकारले आणि जबरदस्तीच्या परिस्थितीत केलेले लैंगिक स्वरूपाचे शारीरिक आक्रमण असे तिचे स्वरूप मांडले. छळाप्रमाणेच या अपराधाचे मर्मही यांत्रिक वर्णनात सापडत नाही, असा तिचा युक्तिवाद होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणाने फुरुंदझिया खटल्यात विविध देशांचे कायदे पाहून अधिक नेमकी, अवयवनिष्ठ व्याख्या स्वीकारली. २००१ च्या कुनारात्स निर्णयाने संमतीचा अभाव मध्यवर्ती केला. आरोपीला आपल्यावरील आरोप निश्चित शब्दांत कळला पाहिजे, या दृष्टीने हा बदल समर्थनीय आहे. तथापि व्याख्या जसजशी शरीराकडे व संमतीकडे वळते, तसतशी परिस्थिती नजरेआड होण्याचा संभव वाढतो. शस्त्रधारी जमावाने वेढलेल्या कचेरीच्या आवारात संमतीचा प्रश्न विचारणे यालाच काय अर्थ उरतो, हे साक्ष ऐकणाऱ्यालाच कळू शकते.

६

हा प्रश्न दूरच्या देशाचा आहे असे समजणे भ्रामक ठरेल. 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा खटला महाराष्ट्रातील विधिविद्यार्थ्याला परिचित आहे. १९७२ च्या मार्चमध्ये देसाईगंज येथील पोलिस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचा आरोप होता. सत्र न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निष्क्रिय शरणागती आणि संमती यांत भेद करून त्यांना दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये तो निर्णय फिरवला. अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत ही गोष्ट त्या निर्णयात निर्णायक ठरली. येथे परकी भूमी नव्हती, परका कायदा नव्हता. तीनही न्यायालयांपुढे संमतीचा नियम एकच होता. रात्रीच्या वेळी बंद ठाण्यात पोलिसांपुढे उभ्या असलेल्या मुलीचे मौन कसे ऐकावयाचे, एवढाच फरक होता, आणि त्यातच सर्व काही आले.

या निर्णयाविरुद्ध सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार विधिअध्यापकांनी भारताच्या सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन, कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात समागम सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर संमती नव्हती असे न्यायालयाने गृहीत धरावे, अशी तरतूद आली. २०२४ पासून जुन्या पुरावा अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी हे गृहीतक कायम आहे. आकायेसू निर्णयाच्या एकोणीस वर्षे आधी या पत्राने मांडलेला मुद्दा तत्त्वतः तोच होता : परिस्थितीतच जबरदस्ती असेल तर प्रतिकाराच्या खुणा शोधणे हा न्याय नव्हे.

विद्यापीठीय अभ्यासकाच्या दृष्टीने या पत्राचे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. न्यायाधीशांना शिकवणारे म्हणून ते लिहिले गेले नव्हते. पण न्यायाधीशांचे शिक्षण याहून वेगळे काय असते? त्यात करारांची यादी नव्हती. निर्णयपत्राचे बारकाईने वाचन होते, आणि कोणता प्रश्न विचारला गेला नाही याचा शोध होता.

७

यावरून न्यायाधीशांच्या व वकिलांच्या शिक्षणाविषयी काही निष्कर्ष काढता येतात. करार व सिद्धांत यांचे अध्ययन आवश्यक आहे, परंतु ते आरंभस्थान आहे. त्याच्या जोडीला प्रत्यक्ष खटल्यांतील साक्षींची लेखी नोंद पानोपान वाचली गेली पाहिजे, केवळ निर्णयाचा सारांश नव्हे. प्रत्येक उत्तरापाशी थांबून, पुढचा प्रश्न कोणता असावयास हवा होता, हे विद्यार्थ्याने ठरवले पाहिजे. त्याच साक्षीची मूळ भाषेतील, भाषांतरातील आणि निर्णयपत्रातील रूपे शेजारी शेजारी ठेवून पाहिली पाहिजेत. आघाताचा स्मृतीवर काय परिणाम होतो आणि काय होत नाही, हे अनुमानाने नव्हे तर त्या विषयाच्या जाणकारांकडून समजून घेतले पाहिजे. हे सर्व आरोपीच्या वकिलाच्या भूमिकेतूनही करून पाहिले पाहिजे. कारण जो बचाव पक्षाच्या जागी उभा राहिला नाही, त्याचे श्रवण एका कानाचे असते.

यासाठी विधिविभागाने भाषाविभागाचे दार ठोठावावे लागेल. शब्दाचा अर्थ प्रसंगाने कसा बदलतो, मौनाचे प्रकार किती, बोलीतील सूचक प्रयोग प्रमाण भाषेत आणताना काय गळते, हे भाषेच्या अभ्यासकांचे नित्याचे विषय आहेत. आरुशा येथील न्यायासनाला भाषाशास्त्राच्या प्राध्यापकाची साक्ष घ्यावी लागली, ही घटना विद्यापीठांतील शास्त्रशाखांच्या भिंतींवरची एक टीकाच आहे. २००३ च्या पाठ्यग्रंथाला सतरावे प्रकरण जोडावयाचे झाले तर ते या विषयावर असावे, आणि त्याचा पहिला पाठ एका स्त्रीच्या साक्षीचा असावा, जिने विचारलेल्याहून अधिक सांगितले आणि जिला तीन परक्या न्यायाधीशांनी मध्येच थांबवले नाही.